हत्तीबोडीची दुपार

दुपारचा दीड वाजला की अख्खं आमडीटोला गाव आडवं व्हायचं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल? आमच्या झाडीपट्टीतल्या उन्हात दुपारी आडवं व्हायचं नाही तर काय कवायत करायची? पण ही झोप निराळी होती, बरं का. ही झोप एका तलावाने दिलेली होती. घराघरांत, दुकानांच्या अर्ध्या ओढलेल्या शटरमागे, तहसील कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये, चार्जिंगला लावलेल्या बसच्या मागच्या बाकावर, सगळीकडे एकाच वेळी एकच आवाज लागायचा.

आधी इम्तियाजचा आवाज यायचा, "विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावरून आपण ऐकत आहात, हत्तीबोडी तलाव, थेट." मग नुसता तलाव. एक खोल, लांबलचक हुंकार. तो विरत विरत जायचा, मग बराच वेळ काही नाही, आणि आता थांबला की काय असं वाटता वाटता पुढचा हुंकार यायचा. ती वाट बघता बघताच डोळा लागायचा. अंजिराकाकींची नात तर दुसऱ्या हुंकारापर्यंतसुद्धा टिकायची नाही.

जागी असायची ती एकटी सुलभा. डॉ. सुलभा वलथरे, विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. हा आवाज तिचाच होता, म्हणजे तिने काढलेला. तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसायचा, आणि दीड ते साडेतीन ती त्याच्याकडे बघत बसायची. सगळं गाव पाण्याखाली गेलंय आणि आपण तेवढ्या काठावर राहिलोय, असं तिला त्या वेळी वाटायचं. ते तिला आवडायचंही, खोटं कशाला बोला.

हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगायला हवं. तलावाच्या तळाशी जो काळा मऊ गाळ असतो, त्यात एका जातीचे जिवाणू राहतात. एकेक पेशी डोळ्यांना न दिसणारी, पण अशा हजारो पेशी एकावर एक उभ्या राहून बोटाच्या पेराएवढा लांब दोरा करतात. दोऱ्याचं खालचं टोक गाळात खोल, जिथे सडक्या अंड्याच्या वासाचं सल्फाइड असतं. वरचं टोक गाळाच्या वर, जिथे पाण्यातला प्राणवायू मिळतो. खालच्या पेशी खातात, वरच्या पेशी श्वास घेतात, आणि दोघींच्या मधून वीज वाहते. अगदी खरीखुरी वीज, फक्त फार थोडी. सुलभाने कार्बनच्या धाग्यांची एक जाळी विणून घेतली आणि ती तलावाच्या तळावर अंथरली. ही जाळी हजारो ठिकाणची वीज मिनिटामिनिटाला मोजायची.

आता यातली खरी गोम ऐका. एखादा ढग तलावावरून गेला की पाणवनस्पतींचं काम मंदावतं, प्राणवायू घटतो, गाळातली वीज उतरते. ढग सरला की वीज परत चढते. किती वेळात चढते, याला महत्त्व आहे. धडधाकट पोर धावताना पडलं तर झटकन उठतं, दुखणेकरी माणसाला उठायला वेळ लागतो. तसंच तलावाचं. मरणपंथाला लागलेला तलावसुद्धा दर वेळी पूर्वपदावर येतो, म्हणून वरून सगळं ठीक दिसतं. फक्त दर वेळी जरा जास्त वेळ लागतो. मग एक दिवस तो परत येतच नाही. आठवड्याभरात पाणी हिरवट काळं होतं, आणि मासे पोट वर करून तरंगतात. सुलभाचं यंत्र हे तीन आठवडे आधी सांगू शकत होतं. पंचेचाळीस मिनिटं ही धोक्याची रेघ. परतायला त्याहून जास्त वेळ लागला की खेळ संपला.

अनुदानाच्या अर्जात सतराव्या क्रमांकाचा रकाना होता, "सदर संशोधन जनसामान्यांपर्यंत कसे पोहोचविणार?" सुलभा त्या रकान्यापुढे पेन चावत बसली होती. रेडिओ केंद्र सांभाळणारा इम्तियाज शेख समोर चहा पीत होता. तो म्हणाला, "आवाज करून टाक ना त्याचा. मी लावतो रेडिओवर." झालं. चहा संपेपर्यंत दोघांनी ठरवून टाकलं. वीज लवकर परतली तर सूर उंच आणि आखूड, उशिरा परतली तर खालचा आणि लांब. मंद ते मंद, चपळ ते चपळ. याहून सरळ काय असणार? त्यांच्या जागी कोणीही संशोधक असता तर त्याने हेच केलं असतं.

पहिल्या वर्षी तो आवाज म्हणजे कढईत फुटाणे फुटल्यासारखा होता. तडतड, तडतड, क्षणाची उसंत नाही. ऐकणारे अकरा जण, त्यातले नऊ वसतिगृहातले, तेही पैज हरलेले. पुढच्या वर्षी तडतड कमी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी ती गुणगुण झाली. सहाव्या वर्षी तीन जिल्हे त्या गुणगुणीवर झोपत होते, कुलगुरू परिषदांमधून विद्यापीठाची पाठ थोपटून घेत होते, आणि सतराव्या रकान्यात कसं लिहावं याचा नमुना म्हणून सुलभाचा अर्ज नव्या प्राध्यापकांना दाखवला जात होता.

पण या सगळ्यात सुलभाला सर्वांत मोलाची होती ती एका माणसाची झोप.

तिचे वडील नथ्थूजी चाळीस वर्षं हत्तीबोडीत जाळं टाकत आले होते. ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचे ते दोनदा अध्यक्ष झाले. तीन वर्षांपूर्वी सुलभाची आई गेली आणि त्यांची झोप उडाली. गोळ्या झाल्या, तेल झालं, पोराबाळांचं समजावणं झालं. माणूस छताकडे बघत पडून राहायचा. एका दुपारी शेजारच्या अंजिराकाकींच्या घरातून तो हुंकार भिंतीपलीकडून आला आणि नथ्थूजी घोरायला लागले. सुलभा दारात उभी राहून रडली होती. त्या दिवसापासून दीड वाजता खाटेशेजारी रेडिओ लागायचाच.

आणखी एक गोष्ट त्या काळात घडली, तिची मात्र कोणी दखल घेतली नाही. ढिवरांच्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची पाळी असायची. रोज एका घरातल्या एका माणसाने बांधावर, पाणी सोडायच्या तुडुमाजवळ, पाय पाण्यात सोडून सकाळपासून दुपार कलेपर्यंत बसायचं. करायचं काही नाही. बसायचं आणि संध्याकाळी पुढच्या घराला जाऊन काय वाटलं ते सांगायचं. सुलभाचं यंत्र आल्यावर सोसायटीने ठराव करून ही पाळी बंद केली. "आता आमच्या सुलूचं मशीन ऐकून राह्यलं ना चोवीस तास. माणसानं उन्हात कायले तळावं?" असं म्हणत तो ठराव मांडला होता खुद्द नथ्थूजींनीच. केवढी छाती फुगली होती त्यांची त्या दिवशी.

चैत्र संपत आला असताना सुलभाला एक पत्र आलं. लिहिणारे निवृत्त पोस्टमास्तर होते, अक्षर मोत्यासारखं. "मॅडम, आपला तलाव पूर्वी मध्येच टोचत असे. या महिन्यात मात्र फारच गोड झाला आहे. अगदी दुधावरच्या सायीसारखा. आपण काही सुधारणा केली असल्यास अभिनंदन."

सुलभाने पत्र दोनदा वाचलं. तिने काहीही सुधारणा केलेली नव्हती. तशी अभिनंदनाची पत्रं ढिगाने यायची, ती एका फायलीत जायची. आकडे दुसऱ्या फायलीत असायचे, ते दर वर्षी अहवालात लिहून जिल्ह्याच्या तलाव समितीला पाठवले जायचे. दोन्ही फायली तिच्याच टेबलावर, एकमेकींपासून वीतभर अंतरावर होत्या. त्या दिवशी तिने त्या पहिल्यांदा शेजारी शेजारी उघडल्या. जसजशी पत्रं वाढत गेली होती तसतसा तलावाचा परतायचा वेळ वाढत गेला होता. आजचा आकडा होता एकेचाळीस मिनिटं.

तलाव जितका मरत होता तितका लोकांना गोड लागत होता. आणि ही गोडी तिनेच, एका चहाच्या वेळात, त्याच्या गळ्यात बांधली होती.

तलावात काय मिसळतंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावाचा सांडपाण्याचा नाला उत्तरेच्या कोपऱ्यातून सरळ तलावात येत होता. तो वळवून जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यांमध्ये नेण्याची योजना दोन वर्षांपासून तयार होती. फक्त समितीची मंजुरी हवी होती. सुलभाने त्याच आठवड्यात समितीपुढे बोलायची वेळ मागून घेतली.

समितीचे अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी पाठराबे. माणूस सज्जन, कामाला वाघ, पाठदुखीने बेजार. सुलभा आत येताच ते उठून उभे राहिले.

"या, या मॅडम! तुमच्या तलावाने आम्हाला जगवलंय हो. दुपारी वीस मिनिटं मिळतात मला, पण काय झोप लागते!"

"साहेब, त्याबद्दलच बोलायचंय. तलाव मरायला टेकलाय."

"काहीतरीच काय! काल तर इतका सुंदर लागला होता."

"सुंदर लागतो म्हणूनच सांगतेय."

तिने आलेख दाखवले. एकेचाळीस म्हणजे काय, पंचेचाळीस म्हणजे काय, तीन आठवडे म्हणजे काय, सगळं समजावलं. समितीतले सात जण मान डोलवत होते. शेवटी कार्यकारी अभियंता म्हणाले, "मॅडम, आलेख आम्हीही काढतो. तुमची खासियत आवाज. तो लावा ना एकदा, म्हणजे सगळ्यांना लगेच उमगेल."

मागणी रास्त होती. सुलभाने आवाज लावला.

हुंकार आला आणि खोलीभर पसरला. बाहेर ऊन पांढरंफटक होतं. पंख्याची सावली भिंतीवरून संथ फिरत होती. दुसऱ्या हुंकाराची वाट बघता बघता अभियंत्यांची हनुवटी छातीवर टेकली. मत्स्य विभागाचे अधिकारी खुर्चीत कलंडले. लघुलेखिकेने वहीवर गाल ठेवला आणि तिचं पेन घरंगळत टेबलाच्या काठापर्यंत गेलं. सुलभा हातात दर्शक काठी घेऊन उभीच. तिला वाटलं आपण सगळे हत्तीबोडीच्या तळाशी बसलो आहोत, वर कुठेतरी उजेड आहे, आणि आपण बोललो तर तोंडातून नुसते बुडबुडे निघतील. पाठराबे साहेबांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की त्यांना हाक मारायचा तिला धीर झाला नाही.

थोड्या वेळाने साहेब दचकून जागे झाले. चष्मा सावरत म्हणाले, "अतिशय प्रभावी सादरीकरण." इतिवृत्तात लिहिलं गेलं, समितीने सादरीकरणाची प्रशंसा केली, विषय पुढील बैठकीत घ्यावा. पुढील बैठक आषाढात होती.

सुलभा तिथून तडक रेडिओ केंद्रावर गेली. इम्तियाजने सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसला.

"उलटं करून टाक," तो म्हणाला. "मंद झाला की किंचाळायला लाव. भोंगा लाव, भोंगा! दहा मिनिटांत ठरवलं होतंस, दहा मिनिटांत बदल. कोण विचारतंय?"

सुलभाने विचार केला. खोटं काहीच नव्हतं त्यात. मंद म्हणजे खालचा सूर, हे कुठल्या निसर्गाने ठरवलेलं होतं? तिनेच ठरवलेलं.

"नको," ती म्हणाली. "गुपचूप गोड केलं तेव्हा ते झोपले, आता गुपचूप भोंगा लावला तर घाबरून रेडिओ बंद करतील. तलावाकडे कोणी बघायचंच नाही. हे कसं केलंय ते त्यांना सांगते. आणि मग बंद करते."

"बंद? अगं, तीन जिल्हे झोपतात त्याच्यावर!"

"म्हणूनच."

"आणि काका?" इम्तियाजने विचारलं.

सुलभा उठून घरी निघाली.

सकाळी चहाच्या वेळी तिने वडिलांना सांगितलं. नथ्थूजी बशीतला चहा फुंकत होते, ते थांबले.

"किती दिवस बंद?"

"तलाव सुधारेपर्यंत. आणि सुधारला तर आवाज असा गोड राहणार नाही, बाबा."

"मंजे कायमचाच म्हन ना." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुले मालूम हाय का, त्या आवाजात मले तुही माय दिसते. पान्यावर डोंग्यात बसून शिंगाडे तोडून राह्यली असते. काई बोलत नाई. मी काठावर असतो. येवढंच." त्यांचा आवाज चढला. "येवढंच तर हाय माह्याजवळ, अन तू तेच काढून घेऊन राह्यली! कोन म्हनते तलाव मरून राह्यला? तुहं मशीन?"

"हो. माझं मशीन."

"मंग तुह्या मशीनलेच झोपव," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडले. सुलभाचा चहा तसाच निवला. आई तिला स्वतःला कधीच स्वप्नात दिसली नव्हती. वडिलांना दिसते, आणि ती आपण हिरावून घेतोय.

त्याच दुपारी दीड वाजता इम्तियाजने माइक तिच्याकडे सरकवला.

"मी सुलभा वलथरे," ती म्हणाली. "तलावाचा आवाज मी करते. आज तो कसा करते तेही सांगते." आणि तिने सांगितलं. गाळ, दोरे, वीज, ढग, सतरावा रकाना, चहा, सगळं. मग पहिल्या वर्षीची ध्वनिफीत लावली. तडतड, तडतड. गावातली अर्धी मंडळी खाटांवर उठून बसली आणि रेडिओला चापट्या मारायला लागली. "हा तुमचा धडधाकट तलाव," सुलभा म्हणाली. "हा कोणालाच आवडला नव्हता. आणि हा आजचा." हुंकार आला. लांब, खोल, सायीसारखा. "हे गाणं नाही. त्याला उठताच येत नाहीये. आम्ही चूक केली. चूक अशी की त्याचं दुखणं आम्ही तुम्हाला अंगाईसारखं ऐकवलं. अजून अठरा दिवस आहेत. आजपासून मी हे बंद करतेय. ज्याला तलाव ऐकायचा असेल त्याने तलावावर यावं." तिने बटण दाबलं.

आमडीटोल्यात कित्येक वर्षांनी दुपारची शांतता झाली. कूलरची घरघर ऐकू आली. कुठेतरी नळ गळत होता, तो ऐकू आला. मग बाळं रडायला लागली, एकामागून एक, गल्ल्यांमधून.

पुढचे तीन दिवस काही विचारू नका. कुलगुरूंचा फोन आला, "वलथरे मॅडम, समाजाशी संवाद साधायचा म्हणजे समाजाला छळायचं नसतं." अंजिराकाकी नातीला काखेत घेऊन आल्या आणि तिला सुलभाच्या मांडीत आदळून म्हणाल्या, "घे, झोपव आता तूच!" बाजारात लोक तिच्याकडे लाल डोळ्यांनी बघत होते. नाल्याविषयी एकाने चकार शब्द काढला नाही. घरी नथ्थूजी भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. जेवण वाढलं की जेवायचे, ताट सरकवायचे. आपलं चुकलं, साफ चुकलं, असं सुलभाला वाटायला लागलं. भोंगाच लावायला हवा होता.

चौथ्या दिवशी दुपारी ती घरी आली तर खाट रिकामी. चप्पल दारातच. ती तशीच बांधाकडे पळत सुटली.

नथ्थूजी तुडुमाजवळ बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, पाय पाण्यात, डोक्यावर ओलं उपरणं. तिच्याकडे न बघता त्यांनी शेजारची जागा थोपटली. ती बसली आणि तिनेही पाय पाण्यात सोडले.

"झोपच येत नाई तर म्हनलं चाला," ते म्हणाले. "किती वर्सं झाली इथं बसून. पाह्य, पानी कसं लागून राह्यलं. चिकट. पायाले सोडत नाई. अन ते पाह्य तिकडं."

पाण्यावर जागोजाग गोल गोल तोंडं उघडमीट करत होती. रोहू होते, कटला होते. भर दुपारी वर येऊन ते हवा गिळत होते.

"हे पहाटे कदीमदी येतात. दुपारी नाई येत. माह्या चाळीस वर्सांत नाई पाह्यलं." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "सुलू, ठराव म्याच मांडला होता वो माय. पाळी बंद करा म्हनून. मी झोपून राह्यलो, अन हे इथं असं तोंड वासून राह्यले."

"बाबा, मीही तेच केलं," सुलभा म्हणाली आणि त्यांचा हात घट्ट धरून बसली.

थोड्या वेळाने अंजिराकाकी आल्या, काखेत नात, डोक्यावर छत्री. घरात बसून काय करायचं, पोर तर झोपत नाही. मग सोसायटीतले दोघे आले. मग दुकानदार, मग बसचा वाहक. कोणी कोणाला बोलावलेलं नव्हतं. झोप उडालेली माणसं, पाय नेतील तिकडे निघाली होती आणि पाय तलावाकडेच नेत होते. येईल तो आधी सुलभाला दोन शब्द सुनवायचा, मग खाली बसायचा, मग पाण्याकडे बघून गप्प व्हायचा. तीन वाजेपर्यंत बांधावर चाळीसेक माणसं रांगेने पाय सोडून बसली होती. उन्हाच्या झळांमध्ये ती सगळी रांग हलत असल्यासारखी दिसत होती, आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्या रांगेच्या टोकाला सरकारी गाडी थांबली. पाठराबे साहेब उतरले. डोळे तांबारलेले, एक हात कमरेवर. चार दिवसांत त्यांना वीस मिनिटंही मिळालेली नव्हती.

"मॅडम, हे तुम्ही काय चालवलंय?" ते म्हणाले. "माझ्याकडे दोनशे तक्रारी आल्यात. तो आवाज..."

"साहेब," नथ्थूजी म्हणाले. जन्मात कधी अधिकाऱ्यापुढे बसून न बोललेला माणूस, पण जागचा हलला नाही. "बूट काढा अन बसा."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पँट दुमडली आणि कण्हत कण्हत खाली बसले.

"मला काही कळत नाहीये हो," पाच मिनिटांनी ते म्हणाले.

"कळाले थोडंच बसाचं असते, साहेब. बसाचं असते. दिवस कलला का मंग सांगाचं."

ते बसले. एक ढग आला, गेला. वारा उत्तरेकडून फिरला आणि सडक्या अंड्यांचा वास बांधावर आला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. तेवढ्यात त्यांच्या पायाजवळ एक हातभर लांबीचा रोहू वर आला, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्यांनी पाय मागे घेतला तरी तो गेला नाही. साहेब त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

"हा पळत का नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"खाली जागा नाई त्याले," नथ्थूजी म्हणाले. "खाली हवाच नाई."

पाठराबे साहेब तासभर बसले. उठले तेव्हा त्यांनी समितीची बैठक तिथेच, बांधावर बोलावली. तातडीची बाब म्हणून तशी बोलावता येते, हे दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना आठवलं. सातही जणांना बूट काढायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी खोदायचं यंत्र लागलं, रेतीच्या पोत्यांनी नाल्याचं तोंड अडवलं गेलं, पाणी वीटभट्टीच्या खड्ड्यांकडे वळलं.

सगळं काही वाचलं असं मात्र नाही. उत्तरेचा कोपरा गेला. दोन दिवस सोसायटीची माणसं मेलेले मासे टोपल्या भरभरून काढत होती, आणि तिथल्या जाळीत वीज आजही शून्य आहे. बाकीच्या तलावाचा आकडा चव्वेचाळीसवर जाऊन अडला. आठवडाभर तिथेच राहिला. मग त्रेचाळीस झाला.

कार्तिकात रेडिओवर तलाव पुन्हा लागला. नियम तोच, मंद ते मंद, चपळ ते चपळ. फक्त आता आधी इम्तियाज रोजचा आकडा सांगायचा आणि पुन्हा सुरू झालेल्या पाळीवर काल कोण बसलं होतं, त्याला काय वाटलं, तेही वाचून दाखवायचा. आकडा नऊवर आला होता. आवाज म्हणजे पुन्हा कढईतले फुटाणे. ऐकणारे तीन जिल्ह्यांवरून दीड गल्लीवर आले. पाठराबे साहेबांनी फोन केला, "मॅडम, काम उत्तम झालंय, पण जरासा गोड करता नाही का येणार?"

"तलावाला विचारून सांगते, साहेब. गुरुवारी तुमची पाळी आहे, तुम्हीच विचारा ना."

त्या दुपारी सुलभा जेवायला घरी आली होती. खाटेशेजारी रेडिओ तडतडत होता आणि नथ्थूजी उपरणं शोधत होते.

"हे का झोपू देते माणसाले!" ते करवादले. "निस्ती कटकट. जातो मी पाळीवर."

"बाबा," तिने विचारलं, कित्येक महिने जिभेवर असलेलं, "आई दिसत नाही ना आता?"

ते दारात थांबले. "झोपच नाई तर दिसन कशी?" मग उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "शिंगाड्याचा वेल पसरला औंदा. पार तुडुमापासून मधल्या खुंटीपावतर. तुह्या मायच्या टायमाले होता ना, तसा. ते पाह्यतो मी बसल्या बसल्या." आणि ते गेले.

सुलभा खाटेच्या कडेवर टेकली. रेडिओ बंद करायला हात पुढे केला आणि तसाच राहू दिला. तडतड, तडतड. ढग येत होता, जात होता, आणि खाली गाळात ते इवलेसे जीव पडून झटक्यात उठत होते. सहा महिने तिचा डोळ्याला डोळा नीट लागलेला नव्हता. तिने नुसतं डोकं टेकवलं. डोंगा वेलीतून सरकत आला. आई पुढे वाकून शिंगाडे तोडत होती आणि डोंग्याच्या लाकडावर टाकत होती, एकामागून एक, तडतड, तडतड.

दिवस कलला तेव्हा नथ्थूजी ओल्या पायांनी परत आले. लेक खाटेवर गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक चप्पल अजून पायात. रेडिओ चालूच होता. त्यांनी तो बंद केला नाही. तिच्या पायातली चप्पल काढून ठेवली आणि पुढच्या घराला पाण्याचं सांगायला गेले.